प्रोग्रेसिव्ह लेन्स: पैसे कुठे वसूल, कुठे वाया

प्रोग्रेसिव्ह लेन्स म्हणजे वर दूरचा, खाली जवळचा आणि मध्ये हळूहळू बदलत जाणारा नंबर असलेली एकच काच. निकाल आधी सांगून टाकू. दूरचा आणि जवळचा असे दोन्ही नंबर लागलेल्या, दिवसभरात कधी रस्ता, कधी कॉम्प्युटर, कधी कागद बघणाऱ्या माणसाला प्रोग्रेसिव्ह लेन्ससारखी सोय दुसऱ्या कुठल्याच चष्म्यात नाही. आणि "मला नाही बुवा जमला तो चष्मा" असं वरचेवर ऐकू येतं तेही याच चष्म्याबद्दल. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. न जमलेले बरेचसे चष्मे लेन्स वाईट म्हणून फसलेले नसतात. माप घाईत घेतलेलं असतं, फ्रेम आखूड निवडलेली असते, नाहीतर कागदावरचा नंबर ऑर्डरमध्ये उतरवताना चुकलेला असतो. तीस हजारांची लेन्स डोळ्यासमोर दोन-तीन मिलिमीटर खाली बसली, तर तिच्यापेक्षा नीट बसवलेली सहा-सात हजारांची लेन्स केव्हाही बरी. म्हणून इथे कंपन्यांची तुलना कमी आणि मापाची चर्चा जास्त आहे.

चाळिशीचा नंबर वेगळा का

डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर (लेन्सची ताकद मोजायचं एकक), त्यातली ४३च्या आसपास एकट्या कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची. डोळ्याची लांबी सुमारे २४ मिलिमीटर. ती एका मिलिमीटरने जास्त असली तरी अडीच-तीन डायॉप्टरचा मायनस नंबर लागतो, कारण प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, अलीकडेच तयार होते. मध्ये पातळ असलेली मायनस लेन्स किरण थोडे फाकवते आणि प्रतिमा मागे, पडद्यावर नेऊन टाकते. डोळा आखूड असला की उलट होतं, म्हणून प्लस लेन्स. कॉर्नियाचा बाक आडवा एक आणि उभा एक असला की सिलिंडर नंबर येतो, आणि त्याच्यासोबत तो कोणत्या कोनात बसवायचा हे सांगणारा ॲक्सिस. हे तिन्ही दोष घडणीचे आहेत. एकदा योग्य ताकदीची लेन्स समोर आली की काम भागतं.

चाळिशीचं तसं नाही. इथे डोळ्याच्या आतलं नैसर्गिक भिंग ताठर होत जातं आणि जवळचं बघताना फुगायचं थांबतं. दहा वर्षांच्या मुलाकडे ही जादा ताकद १२-१४ डायॉप्टर असते, चाळिशीत ती ५च्या आसपास उरते आणि साठीत जेमतेम १. वाचनाचं अंतर ४० सेंटिमीटर धरलं तर लागतात २.५० डायॉप्टर, कारण डायॉप्टर म्हणजे एक भागिले मीटरमधलं अंतर. शिवाय डोळ्याला निम्मी ताकद शिल्लक ठेवूनच काम करायची सवय असते. त्यामुळे साठा संपायच्या बराच आधी पेपर लांब धरायची वेळ येते. ही तूट भरून काढणारा जादा प्लस म्हणजे ॲडिशन, दुकानातल्या भाषेत 'ॲड'. पंचेचाळिशीला तो +१.०० ते +१.२५, पन्नाशीला +१.७५च्या आगेमागे, साठीला +२.५०. याहून जास्त ॲड क्वचितच लागतो, आणि तुमच्या कार्डावर +३.०० लिहिलेला असेल तर तो का, हे एकदा विचारून घ्या.

इथेच काही मंडळींची सुटका होते. दोन्ही डोळ्यांना −२.०० ते −३.०० नंबर असेल आणि सिलिंडर नसल्यासारखाच असेल, तर चष्मा काढला की वाचता येतं. असा माणूस चष्मा कपाळावर सरकवून आयुष्यभर फुकटात भागवू शकतो. दूरचा नंबर शून्य असलेल्यांनाही घाई नाही. +१.५०चा साधा वाचनाचा चष्मा खिशात टाकला की झालं. रस्त्यावर मिळणारा तयार चष्माही जादाचा म्हणून वाईट नाही. फक्त त्याच्या दोन्ही काचांचा नंबर सारखा असतो, सिलिंडर नसतो आणि दोन डोळ्यांमधलं अंतर कारखान्याने ठरवलेलं असतं, एवढं लक्षात ठेवा.

बायफोकलशी तुलना

बेंजामिन फ्रँकलिनने १७८४ साली एका पत्रात आपल्या दुहेरी चष्म्याचं, म्हणजे बायफोकलचं, कौतुक केलं होतं. दोन काचा अर्ध्या कापून एका चौकटीत बसवलेल्या, इतकाच तो खटाटोप. आज आपल्याकडे दोन प्रकार चालतात: खाली गोल चकती असलेली केटी आणि वरून सपाट कापलेल्या चकतीची डी. दोन्हीत नजर चकतीच्या कडेवरून खाली उतरली की चित्र टुणकन उडी मारतं. ती उडी किती मोठी, हे चकतीचा मध्यबिंदू कडेपासून किती खाली आहे यावर ठरतं. केटीत तो साधारण ११ मिलिमीटर खाली असतो, म्हणजे +२.०० ॲडला उडी २.२ प्रिझम डायॉप्टरची (प्रतिमा किती सरकते ते मोजायचं हे एकक). २८ मिलिमीटर रुंदीच्या डीमध्ये तो ५ मिलिमीटरच खाली असल्यामुळे उडी १ प्रिझमची. बायफोकलच घ्यायचा असेल तर डी घ्या. केटीची कड कमी दिसते, एवढीच तिची बाजू.

बायफोकलचं खरं दुखणं मधल्या अंतराचं आहे. कॉम्प्युटरचा पडदा ६५ सेंटिमीटरवर असतो आणि त्याला दीड डायॉप्टर लागतो. +२.२५ ॲड असलेल्या माणसाला वरच्या भागातून पडदा धूसर दिसतो. खालच्या भागातून स्पष्ट दिसायला मान मागे टाकून पडद्याच्या जवळ सरकावं लागतं, आणि संध्याकाळपर्यंत मान धरते. नुसतं वर्तमानपत्र आणि रस्ता बघणाऱ्या, वर्षानुवर्षं बायफोकल वापरलेल्या आजोबांना मात्र प्रोग्रेसिव्हकडे ओढण्यात काही अर्थ नाही. खाली वाचायला बायफोकलइतकी ऐसपैस जागा प्रोग्रेसिव्हमध्ये मिळत नाही.

लेन्सच्या पोटात काय आहे

पहिली यशस्वी प्रोग्रेसिव्ह लेन्स बर्नार्ड मेतेनाझ या फ्रेंच अभियंत्याची. ती १९५९मध्ये व्हॅरिलक्स या नावाने बाजारात आली. कल्पना सरळ होती: वर दूरचा नंबर, खाली जवळचा, आणि मध्ये ताकद हळूहळू वाढवत नेणारा उभा पट्टा. या पट्ट्याला कॉरिडॉर म्हणतात.

अडचण भूमितीत आहे. पृष्ठभागाचा बाक वरून खाली वाढवत न्यायचा तर बाजूला नको असलेला सिलिंडर तयार होतोच. मिंकविट्झ या संशोधकाने १९६३मध्ये त्याचं गणित मांडलं: पट्ट्यावर ताकद खाली ज्या वेगाने वाढते, त्याच्या दुप्पट वेगाने बाजूला सिलिंडर वाढतो. आकडे घालून बघा. ॲड +२.००, कॉरिडॉर १४ मिलिमीटर. म्हणजे दर मिलिमीटरला ०.१४ डायॉप्टर वाढ आणि बाजूला दर मिलिमीटरला ०.२९ सिलिंडर. अर्ध्या डायॉप्टरपर्यंतचा सिलिंडर डोळा चालवून घेतो असं धरलं, तर मधोमध स्पष्ट पट्टा उरतो सुमारे साडेतीन मिलिमीटरचा. तोच कॉरिडॉर १० मिलिमीटरचा केला की पट्टा अडीच मिलिमीटरवर येतो. आणि ॲड +१.२५ असेल, तर १४ मिलिमीटरच्या कॉरिडॉरमध्ये तो साडेपाचच्या पुढे जातो.

या तीन आकड्यांत प्रोग्रेसिव्हची बहुतेक सगळी कुंडली आली. बाजूचा धूसरपणा कोणत्याही कंपनीला पुसता येत नाही. फार तर तो एका कोपऱ्यात दाटून ठेवता येतो किंवा पातळ करून पसरवता येतो. दाटून ठेवला की मधला भाग रुंद आणि स्वच्छ मिळतो, पण कडेला मान वळवली की जग डोलतं. पसरवला की डोलणं कमी, पण स्वच्छ जागाही कमी. महागड्या लेन्समध्ये ही वाटणी जास्त हुशारीने केलेली असते, हे खरं. "कडेपर्यंत शंभर टक्के क्लिअर" असं कुणी काउंटरवर सांगत असेल, तर ते मनावर घेऊ नका.

दुसरी गोष्ट, लहान ॲडला सुरुवात केलेली केव्हाही सोपी. पंचेचाळिशीला +१.२५वर प्रोग्रेसिव्ह लावलेला माणूस पुढे ॲड वाढत गेला तरी सवयीने निभावून नेतो. साठीला एकदम +२.५०वर पहिल्यांदा लावणाऱ्याला महिनाभर झगडावं लागू शकतं.

'फ्रीफॉर्म' किंवा 'डिजिटल' हा शब्द आता जवळपास प्रत्येक माहितीपत्रकावर असतो. जुन्या पद्धतीत प्रोग्रेसिव्ह बाक साच्यातून पुढच्या बाजूला आलेला असायचा आणि तुमचा नंबर मागे घासला जायचा. फ्रीफॉर्ममध्ये संगणकावर चालणारं हिऱ्याचं हत्यार मागच्या बाजूवर दोन्ही एकत्र कोरतं. नंबराला सिलिंडर असेल तर याचा फरक चांगलाच जाणवतो. त्याच्या वरची पायरी 'पर्सनलाइज्ड'. यात फ्रेमचा तिरपेपणा, लेन्स डोळ्यापासून किती दूर आहे आणि फ्रेमचा बाक ही तुमची मापं धरून डिझाइन बदलतं. पण दुकानदाराने ही तीन मापं घेतलीच नाहीत, तर प्रयोगशाळा सरासरी आकडे टाकून लेन्स बनवते. मग जादा पैसे कशाचे दिले, हा प्रश्न उरतो. पर्सनलाइज्ड लेन्सची ऑर्डर देताना नुसती पट्टी घेऊन पीडी (दोन बुबुळांमधलं अंतर) मोजला जात असेल, तर एक पायरी खालची लेन्स मागा. फरक पडणार नाही.

नंबराचा कागद

आपल्याकडे बऱ्याच कार्डांवर ॲड लिहिलेला नसतो. 'डिस्टन्स' आणि 'नियर' अशा दोन ओळी असतात आणि जवळचा पूर्ण नंबर लिहिलेला असतो. उदाहरणार्थ दूरचा −१.२५, सिलिंडर −०.७५, ॲक्सिस ९०, जवळचा +०.७५, सिलिंडर आणि ॲक्सिस तेच. इथे ॲड +०.७५ नाही. ॲड म्हणजे दोन्हीतला फरक: ०.७५ वजा (−१.२५), म्हणजे +२.००. घाईत कुणी जवळच्या ओळीतला आकडा ॲडच्या रकान्यात टाकला, तर वाचायच्या भागात −०.५० येतो आणि चष्मा घालून पेपर वाचताच येत नाही. ऑर्डरच्या पावतीवर ॲडचा आकडा स्वतः बघा. दोन्ही डोळ्यांचा ॲड बहुधा सारखा असतो. वेगळा दिसला तर विचारा.

दुसरा गोंधळ सिलिंडरच्या चिन्हाचा. −२.००, +०.७५, ॲक्सिस १८० आणि −१.२५, −०.७५, ॲक्सिस ९० ही एकच लेन्स आहे, लिहिण्याची पद्धत वेगळी. जुन्या कार्डाशी ताडून "नंबर केवढा बदलला" म्हणून दचकू नका. फक्त ॲड काढताना दोन्ही ओळी एकाच पद्धतीत लिहिलेल्या हव्यात.

मशीनमध्ये हनुवटी टेकवून मिळालेली चिठ्ठी हा अंतिम नंबर नव्हे, ती सुरुवात आहे. त्यानंतर ट्रायल फ्रेममध्ये काचा बदलत "हे बरं की ते बरं" ही तपासणी व्हायलाच हवी. जवळचा नंबर बघताना कागद तुम्ही रोज जिथे धरता तिथे धरा, तपासणारा धरतो तिथे नाही. उंच माणूस ४५ सेंटिमीटरवर वाचतो आणि शिवणकाम करणाऱ्या बाई ३०वर. दोघांना एकच ॲड दिला तर एकाचा चष्मा चुकणारच.

साखर वरखाली होत असेल तर नंबरही वरखाली होतो. नुकतीच औषधं सुरू झालेल्या किंवा बदललेल्या मधुमेही व्यक्तीने साखर काही आठवडे स्थिर राहीपर्यंत महाग लेन्स करू नये. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही नंबर स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

फ्रेम आणि माप

सगळ्यात जास्त चष्मे बिघडतात ते इथे.

बुबुळाच्या मध्यापासून फ्रेमच्या खालच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे फिटिंग हाइट. नेहमीच्या डिझाइनला ते निदान १८ मिलिमीटर हवं. आखूड कॉरिडॉरच्या लेन्स १४वरही बसतात, पण त्याची किंमत वर सांगितली: पट्टा अरुंद. बुबुळाच्या वरही १०-१२ मिलिमीटर काच हवी, नाहीतर दूरचं बघायला जागा उरत नाही. म्हणून काचेची उभी उंची तीस मिलिमीटरच्या आसपास असलेली फ्रेम निवडा. फॅशनमधली चपटी फ्रेम प्रोग्रेसिव्हला बाद. एव्हिएटर फ्रेम उंच दिसते खरी, पण नाकाजवळ खालचा कोपरा कापलेला असतो आणि वाचायचा भाग नेमका तिथे असतो, कारण वाचताना दोन्ही डोळे आत वळतात. नोजपॅड हलवता येणारी फ्रेम घेतली तर नंतर एक-दोन मिलिमीटर वर-खाली करायची सोय राहते. आपल्या दमट हवेत घामाने चष्मा घसरतो, तेव्हा ही सोय फार कामाला येते.

माप घेण्याचा क्रम असा हवा. आधी फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवायची: काड्या कानामागे वाकवून, नोजपॅड दाबून, दोन्ही बाजू समान करून. फ्रेम खाली थोडी आत झुकलेली हवी, ८ ते १२ अंश. लेन्स डोळ्यापासून १२ ते १४ मिलिमीटरवर. हे झाल्यावरच माप. बसवण्याआधी घेतलेलं माप बसवल्यावर बदलतं. मग माप घेणाऱ्याने तुमच्या समोर, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायचं. उभं राहून वरून बघत माप घेतलं की हाइट चुकते. तुम्ही नेहमीसारखे बसा, फोटोला बसल्यासारखी मान ताठ करू नका. फ्रेममधल्या प्लॅस्टिकच्या डेमो काचेवर बारीक मार्करने बुबुळाच्या मध्यावर टिंब दिलं जातं, उजव्याचं वेगळं, डाव्याचं वेगळं. टिंब दिल्यावर थोडं चालून या, पुन्हा बसा आणि टिंब अजून तिथेच येतं का, ते बघायला सांगा.

पीडीही प्रत्येक डोळ्याचा वेगळा हवा. "पीडी ६२" एवढंच पुरत नाही. नाक अगदी मध्यावर नसतं, त्यामुळे उजवा ३२ आणि डावा ३० निघू शकतो. तिथे दोन्हीकडे ३१ धरले तर प्रत्येक बाजूला एक मिलिमीटरची चूक झाली. साध्या लेन्सला, लहान नंबर असेल तर, हे चालून जातं. साडेतीन मिलिमीटरच्या पट्ट्यात एका मिलिमीटरने डोळा कडेकडे सरकतो आणि दोन मिलिमीटर चुकलं तर पट्ट्याबाहेरच पडतो. दोन बुबुळांच्या उंचीतही एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक बऱ्याच चेहऱ्यांत असतो. दोन्ही आकडे पावतीवर वेगवेगळे लिहून घ्या. ऑनलाइन मागवताना फोटोवरून पीडी मिळतो, पण तुमच्या नाकावर बसलेल्या फ्रेमवरून घेतलेली हाइट मिळेलच असं नाही. म्हणून पहिला प्रोग्रेसिव्ह चष्मा समोर बसून मापं घेणाऱ्याकडूनच करावा.

चष्मा हातात आल्यावर

नवीन लेन्सवर पिवळ्या किंवा पांढऱ्या शाईच्या खुणा छापलेल्या असतात: वर दूरच्या नंबरासाठी कंस, मध्ये बुबुळासमोर यायची फुली, खाली वाचनाचं वर्तुळ. दुकानात त्या पुसूनच चष्मा हातात देतात. ऑर्डर देतानाच सांगा, पुसू नका, आधी घालून बघतो. फुली बुबुळाच्या मध्यावर आली पाहिजे. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे ठीक, एकापेक्षा जास्त नको.

खुणा पुसल्या असल्या तरी कायमच्या खुणा राहतात. काचेवर हलकी फुंकर घाला आणि ट्यूबलाइटखाली काळ्या पार्श्वभूमीवर तिरकी धरा. एकमेकांपासून ३४ मिलिमीटरवर दोन अगदी बारीक कोरलेल्या खुणा दिसतील. कानाकडच्या खुणेखाली ॲड लिहिलेला असतो, '२०' म्हणजे +२.००. नाकाकडच्या खुणेखाली कंपनीचं किंवा डिझाइनचं चिन्ह. ज्या लेन्सचे पैसे दिले तीच मिळाली का, हे इथे कळतं. प्रत्येक कंपनीचा सेंट्रेशन चार्ट, म्हणजे लेन्सवरच्या खुणांचा नकाशा, दुकानात असतो. या दोन खुणा त्यावर जुळवल्या की फुली कुठे आहे ते पुन्हा मार्करने काढता येतं. नंबर तपासायच्या मशीनवर लेन्सच्या मध्यात थोडा प्रिझम दिसला तर घाबरायचं कारण नाही. लेन्स पातळ राहावी म्हणून दोन्ही काचांत सारखा प्रिझम मुद्दाम दिलेला असतो. दोन्हीत वेगवेगळा निघाला तर मात्र गडबड आहे.

पहिले आठ-पंधरा दिवस जिना उतरताना पायरी जवळ आल्यासारखी वाटणं, मान वळवताना कडा हलणं, हे होणार. उपाय एकच, ज्याच्याकडे बघायचं त्याच्याकडे नाक वळवायचं, आणि वाचताना मान नाही तर नजर खाली न्यायची. जिन्यावर उलट: हनुवटी खाली, म्हणजे पायरी वरच्या भागातून दिसते. सवय मोडू नये म्हणून सकाळी उठल्यापासून तोच चष्मा. दिवसात तीनदा जुना घातला की मेंदू पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

पण "होईल सवय" हे प्रत्येक तक्रारीचं उत्तर नाही. वाचायला हनुवटी वर करावी लागते? लेन्स खाली बसली आहे. नोजपॅड आत दाबून फ्रेम उचला, तेवढ्याने भागतं का बघा. दूरचं बघायला हनुवटी खाली करावी लागते? लेन्स वर बसली आहे, किंवा दूरच्या नंबरात प्लस जास्त पडला आहे. वाचताना पुस्तक एका बाजूला सरकवल्यावरच स्पष्ट दिसतं? पीडी चुकला. अक्षरं फार जवळ आणल्यावरच दिसतात? ॲड जास्त झाला. लांब धरावं लागतं? ॲड कमी. आणि सरळ समोरचं, वरच्या भागातूनही धूसरच दिसत असेल, तर दूरचा नंबर किंवा ॲक्सिसच पुन्हा तपासा. तिथे सवयीचा काही संबंध नाही.

कुणी घेऊ नये

दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असेल तर जपून. एक −१.०० आणि दुसरा −४.००, अशा वेळी काचेच्या मध्यापासून १० मिलिमीटर खालून वाचताना दोन प्रतिमांमध्ये ३ प्रिझम डायॉप्टरचा उभा फरक पडतो. त्यातून डोकेदुखी, कधी दोन-दोन ओळी दिसणं. अशांना वाचनाचा स्वतंत्र चष्मा बरा.

दिवसाचे आठ तास कॉम्प्युटरसमोर जात असतील तर 'ऑफिस लेन्स' नावाचा चुलतभाऊ आहे. त्यात दूरचा भाग जवळपास काढून टाकतात आणि पडदा ते कागद या पल्ल्याला ऐसपैस जागा देतात. खोलीभर, दोन ते चार मीटरपर्यंत दिसतं. स्वयंपाकघर, शिलाई, हिशेबाचं टेबल यांनाही उत्तम. तो घालून गाडी मात्र चालवायची नाही.

बाहेर हिंडणाऱ्या ज्येष्ठांबाबत एक चांगला पुरावा आहे. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत, बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह वापरणाऱ्या सहाशेहून अधिक वृद्धांपैकी काहींना बाहेर वापरायला फक्त दूरच्या नंबराचा चष्मा दिला. नेहमी बाहेर जाणाऱ्यांचं तोल जाऊन पडणं कमी झालं. फारसे बाहेर न जाणाऱ्यांचं मात्र घराबाहेर असताना तोल जाऊन पडणं वाढलं. म्हणजे रोज फिरायला जाणाऱ्या आजींना फिरण्यासाठी वेगळा साधा चष्मा, आणि घरातच असणाऱ्यांचा चष्मा उगाच बदलू नका.

मटेरियल, कोटिंग, बिल

इंडेक्स म्हणजे काच प्रकाश किती वाकवते तो आकडा; तो जितका जास्त तितकी लेन्स पातळ. ±३.००पर्यंत साधी १.५० इंडेक्सची लेन्स पुरते. तिची दृष्टी सगळ्यात स्वच्छ. ३ ते ६पर्यंत १.६०, त्यापुढे १.६७. १.७४ फार मोठ्या नंबरालाच. पॉलिकार्बोनेट सहजासहजी फुटत नाही, म्हणून मुलांना आणि कारखान्यात चांगली, पण कडेला रंगांच्या कडा दिसतात. प्रोग्रेसिव्हमध्ये कड आधीच बिघडलेली असते, त्यात ही भर नको. इंडेक्स वाढला की परावर्तनही वाढतं: १.५०च्या दोन पृष्ठभागांवरून मिळून ८ टक्के प्रकाश परत जातो, १.६७वरून १२च्या पुढे. म्हणून अँटीग्लेअर कोटिंग हा शौक नाही, गरज आहे. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात चष्मा ठेवला की हेच कोटिंग तडकतं. आणि कोरड्या धुळीवर सदऱ्याचं टोक फिरवू नका, आधी पाण्याखाली धरा.

ब्लू कटसाठी, म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या लेन्ससाठी, जादा पैसे देऊ नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. वैद्यकीय अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३च्या आढाव्यात कॉम्प्युटरमुळे डोळ्यांना येणारा थकवा त्याने कमी होतो असं दिसलं नाही. पॉवरला जोडून फुकट येत असेल तर येऊ द्या. फोटोक्रोमिक, म्हणजे उन्हात आपोआप गडद होणारी लेन्स, उन्हात चांगली, पण गाडीत नेहमीची लेन्स फारशी गडद होत नाही, कारण समोरची काच अतिनील किरण अडवते.

प्रोग्रेसिव्ह दोन-तीन हजारांपासून सुरू होते आणि तीस-चाळीस हजारांच्या पुढे जाते. पहिल्यांदा घेणाऱ्याने मधल्या पट्टीतली फ्रीफॉर्म, १.५० किंवा १.६०, चांगलं अँटीग्लेअर, इथे थांबावं. सिलिंडर मोठा असेल किंवा ॲड +२.२५च्या पुढे असेल तर वरची पायरी परवडते. नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, बिलात तो तेवढाच लावलाय का बघा. त्याच बिलावर लेन्सचं पूर्ण नाव, इंडेक्स, ॲड, दोन्ही पीडी, दोन्ही हाइट आणि न जमल्यास लेन्स बदलून देण्याची मुदत लिहून घ्या. ही मुदत किती दिवसांची, आणि नंबर चुकला तर आणि माप चुकलं तर अशा दोन्ही वेळी लागू आहे का, हे पैसे देण्याआधी विचारायचं.